तोंडातला घोट

सार्थकनं माझ्यासमोर मडकं ठेवलं तेव्हा माझ्या तोंडात वाईनचा घोट होता, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही. भांडं मीच मागितलं होतं. वाईन चाखायची म्हणजे तोंडात घ्यायची, घोळवायची आणि थुंकायची. त्यासाठी शेजारी एक भांडं लागतं. स्टीलचा डबा चालतो, प्लॅस्टिकचा मग चालतो, नाशिकला तर आम्ही एकदा फरशी पुसायच्या बादलीवर भागवलं होतं. हे मी सार्थकला फोनवर सांगितलं होतं आणि इथं आल्यावर पुन्हा सांगितलं. तो 'एक मिनिट मॅडम' म्हणून किचनमध्ये गेला आणि मी वाट न बघता पहिली बाटली पेल्यात ओतून घोट घेतला, कारण एक भांडं यायला वेळ तो कितीसा लागणार! तो आला हे घेऊन. मटका बिर्याणीचं लहान मडकं, पोटावर पांढऱ्या रंगात वारली नाच, आणि गळ्याला काथ्याची दोरी, दोन्ही टोकं वर नेऊन गाठ मारलेली, टांगायला. "स्टीलचं बरोबर नाय दिसत मॅडम," तो म्हणाला. "ह्याला कसा एकदम ट्रॅडिशनल लुक हाय." स्वतःच्या कल्पनेवर तो भलताच खूश होता. समोरच्या टेबलावर आप्पा बसले होते, माझे वडील. त्यांनी मडक्याकडे बघितलं, दोरीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

आमच्या घरात असं मडकं म्हणजे नुसतं मडकं नसतं. मी कळती झाल्यापासून दरवर्षी आप्पा विहारात आम्हा पोरांना पुढे बसवून सांगायचे, की एके काळी आपल्या माणसांच्या गळ्यात मडकं अडकवलेलं असायचं, थुंकी खाली पडून रस्ता बाटू नये म्हणून. सांगताना त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी जायचा, सदऱ्याच्या वरच्या बटणापाशी. बाकीची पोरं ऐकून घ्यायची. मला लहानपणापासून नको तिथे तपशील लागतो. मी एकदा विचारलं, आप्पा, मडकं भरलं की ते ओतायचे कुठं? रस्ता बाटतो, तर मग दुसरी जमीन बाटत नाही का? आप्पांनी उत्तराऐवजी पोरांना खाऊ वाटायला घेतला. घरी गेल्यावर आईनं मला फैलावर घेतलं. आणि आता त्यांची तीच तपशीलवाली लेक, चाळिशी ओलांडलेली, फूड टेक्नॉलॉजीची पदवी घेतलेली, जिला मोठमोठी हॉटेलं गाडी पाठवून बोलावतात अशी, हायवेवरच्या एका बारमध्ये गाल फुगवून बसली होती आणि तिच्यासमोर दोरीचं मडकं होतं. आणि ते तिनंच मागवलं होतं.

हॉटेलचं नाव हिलटॉप बार अँड ग्रिल. हिल मागे आहे, हॉटेल सपाटीवर. महाड सोडून पोलादपूरकडे निघालं की हायवेला लागून डाव्या हाताला. रायगड बघून महाबळेश्वरला निघालेली मंडळी आणि कशेडीच्या अलीकडे पाय मोकळे करायला थांबणारे गोव्याचे प्रवासी, दोन्हींवर सार्थकची नजर. तो स्वतः पोलादपूरच्या वरच्या वाडीतला. बरीच वर्षं मुंबईत एका बड्या हॉटेलात वेटरांवरचा कॅप्टन होता, तिथून आला तो त्यांच्या वाईन लिस्टचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन. तोच इकडंतिकडं करून त्यानं छापला, लॅमिनेट केला आणि मग मला फोन केला, की मॅडम, जरा नजर घाला, आपल्या माणसाचा सिक्का पाहिजे. सिक्का त्यानं आधीच मारून ठेवला होता. लिस्टच्या तळाशी सोनेरी अक्षरात, वाईन सिलेक्शन, प्रियदर्शिनी मॅडम, म्हणजे मी, घरची दर्शना. निकाल लागायचा होता, न्यायाधीशाचं नाव मात्र छापून तयार. त्यातल्या अर्ध्या बाटल्या त्याच्याकडे नव्हत्याच. एका रेड वाईनपुढे लिहिलं होतं, ओल्या जंगलाचा आणि चामडी खोगिराचा गंध. तंदुरी सुरमईबरोबर खोगीर कोण हुंगत बसणार, हे मी त्याला विचारणार होते, पण घोट आधी घेतला.

आप्पा इथं कसे आले, याचं मला अजून नवल वाटत होतं. ते आयुष्यात बारची पायरी चढलेले नव्हते. आणलं त्यांना सार्थकच्या वडिलांनी, महिपतकाकांनी. महिपतकाका एस.टी.त ड्रायव्हर होते आणि आप्पा पोलादपूर स्टँडवर वाहतूक नियंत्रक. गाडी कशेडी घाटाला लावायच्या आधी आप्पा ड्रायव्हरला खिडकीशी बोलावून म्हणायचे, हा कर. ड्रायव्हर तोंड उघडून हा करायचा आणि आप्पा वास घ्यायचे. यंत्रबिंत काही नव्हतं, नाक होतं. रात्रीची उतरलेली, पहाटेची ताजी, वरून बडीशेप चघळलेली, कांदा खाल्लेला, सगळं त्यांना कळायचं. वरच्या वाड्यांतल्या ज्या घरांच्या अंगणात आप्पांना लहानपणी लांब उभं करून वरून ओंजळीत पाणी ओतलं जायचं, त्या घरांतले बाप्ये रोज सकाळी आप्पांपुढे आ वासायचे. आप्पा म्हणतात, मी त्याचा कधी गर्व केला नाही. मी त्यांना 'हा कर' म्हणताना बघितलंय. चांगला भरपूर केला होता. महिपतकाका एकदा सापडले, आप्पांनी त्यांना गाडीवरून खाली उतरवलं, सगळ्या स्टँडसमोर. त्यांनी त्यानंतर दारू सोडली ती सोडलीच आणि आप्पांना साहेब म्हणायला लागले ते आजतागायत. त्यांनीच फोन केला, साहेब, लेक येत्येय आमच्यात, तिचं काम बघाला या. आप्पा पांढरा सदरा घालून आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि चहा चालेल म्हणाले, पण बाहेरच्या टपरीवरचा.

आप्पांचं नाक मला मिळालंय. आई म्हणायची, पोरीनं बापाचं रूप घ्यायचं सोडून नाक घेतलं. नाशिकला वायनरीच्या लॅबमध्ये लागले तेव्हा पहिल्या महिन्यातच तिथल्या मोठ्या साहेबांनी माझ्यासमोर पेले मांडले आणि मी एकेकाचा वास घेऊन सांगत गेले, हा ओल्या गोणपाटाचा, हा कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, ह्यात काही दोष नाही. माझी लॅबमधून उचलबांगडी झाली ती थेट चाखणाऱ्यांच्या टेबलावर. त्या नोकरीत पहिल्या वर्षी मी पुण्याला एका टेस्टिंगला गेले होते आणि ते आटोपून कंपनीच्या गाडीनं वरंध घाट उतरून थेट घरी आले. दारात चप्पल काढत होते. आप्पा पिशवी घ्यायला पुढे आले, मी 'कसे आहात आप्पा' म्हणाले आणि ते थांबले. ते थांबणं मला चांगलं ठाऊक होतं. स्टँडवरच्या खिडकीत ते असेच थांबायचे आणि पुढच्या क्षणाला ड्रायव्हर खाली उतरायचा. मला त्यांनी उतरवलं नाही. पिशवी घेतली, आत नेऊन ठेवली आणि कधीही काही विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. नाकाला वाईन कळली होती. पण ती गिळली की थुंकली, हे नाकाला कळत नाही. जगातल्या कुठल्याही नाकाला कळत नाही, माझ्यासुद्धा.

मी तेव्हाच सांगू शकले असते. आप्पा, मी एक थेंबही पोटात घेत नाही, एवढं एक वाक्य. पण सफाई द्यायची म्हणजे आरोप झालाय हे मान्य करायचं, आणि मी काही कुठल्या खिडकीशी हा करायला उभी नव्हते. शिवाय माझं थुंकणं त्यांच्यासाठी नव्हतंच. पंचशीलातलं पाचवं शील, मादक काही घेणार नाही, हे मी पाच-सहा वर्षांची असताना म्हणायला शिकले आणि मोठेपणी स्वतः विचार करून पुन्हा घेतलं. टेबलावर सगळेच थुंकतात, नाहीतर दुपारपर्यंत कोणाला उभं राहता येणार नाही. पण शेवटी एखादी अप्रतिम बाटली निघाली की बाकीचे तिचा घोट हळूच गिळतात. मी नाही गिळत. सुरुवातीला तिथले लोक मला सोवळी म्हणायचे. आमच्या सात पिढ्यांत हा शब्द कोणी आम्हाला लावला नसेल, मी हसून हसून बेजार झाले. तर हे सगळं माझं होतं, माझ्या कामाचं आणि माझ्या मनाचं, आणि ते आप्पांसमोर पुराव्यासारखं मांडायची मला लाज वाटायची. त्यांनी मान द्यावा तर कामाला द्यावा, लेक थुंकते म्हणून नको, असं मी मनाशी पक्कं धरून बसले होते. आणि वर्षं गेली. आई गेली. घरी गेले की आम्ही पाण्याबद्दल, गॅसबद्दल, शेजाऱ्यांच्या लग्नाबद्दल बोलायचो, आणि मी बोलताना तोंड जरा बाजूला वळवायचे.

एवढं सगळं डोक्यात चाललेलं आणि घोट तोंडातच. इतका वेळ मी कधी कुठला घोट धरला नव्हता. वाईन तोंडात ठेवली की आधी बोलते, मग गप्प होते, मग त्रास द्यायला लागते. ही तिसऱ्या पायरीवर पोचली होती. हिरड्या चुरचुरत होत्या, जिभेच्या कडांना लाळ सुटून घोट वाढत चालला होता आणि नाकातून श्वास घ्यावा तर वाफ डोळ्यांपर्यंत जात होती. वाईन काय होती हे तर मला पहिल्या क्षणीच कळलं होतं. शिजलेली. सार्थकनं सगळ्या रेड बाटल्या ग्रिलच्या बरोब्बर वर, काचेच्या कपाटात, दिवे लावून उभ्या केल्या होत्या, आल्यागेल्याला दिसाव्यात म्हणून. आमच्या ह्या उकाड्यात, खाली निखारे. फळाचा ताजेपणा सगळा गेलेला आणि उरलेला तो खाली लागलेल्या मुरंब्याचा वास. निकाल तयार होता, जिभेच्या टोकावर होता असंही म्हणता येईल, पण तोंड भरलेलं असताना निकाल देता येत नाही. मला तीन वाटा दिसत होत्या. गिळून टाकावी. एक घोट, कोणाला काय कळणार! पण समोर ज्याला कळायला नको होतं तोच बसला होता आणि मनाशी जे धरलं होतं ते एका भांड्यापायी मोडायचं, हे मला मान्य नव्हतं. दुसरी वाट, उठून बेसिनकडे पळायचं. बेसिन हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, आप्पांच्या खुर्चीला वळसा घालून, म्हणजे ओकारी आलेल्या बाईसारखं तोंड दाबून धावायचं. आणि तिसरी समोर होती, दोरीसकट.

तेवढ्यात आप्पा उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. "मडकं कुणी आणलं रे?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण मी तो आवाज ओळखते आणि महिपतकाकाही ओळखतात. सार्थकला काही उलगडेना. तो हसतच म्हणाला, "मी आणलं काका. का, गळका हाय काय?" महिपतकाकांनी मडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या पिढीला सांगावं लागत नाही. "अरे गाढवा," ते मुलाला म्हणाले, "उचल ते आधी. साहेब, पोराला नाय ठावं, त्याची शपथ." आणि ते स्वतःच मडकं उचलायला लगबगीनं माझ्या टेबलाकडे आले. मी हात वर केला. थांबा. बोलता येत नव्हतं, पण हाताला चांगलं बोलता येत होतं, कारण महिपतकाका जागच्या जागी थांबले आणि आप्पाही थांबले, आणि सार्थक तर आधीपासूनच थिजला होता.

मी मडकं जवळ ओढलं. काथ्याची गाठ घट्ट होती, दुकानदारानं मारलेली, नखात काथ्याचं कुसळ गेलं. गालातली लाळ आणि वाईन मिळून आता ओठांवर दाब देत होती. मी गाठ सोडवत बसले. मला कसलीही घाई नव्हती आणि हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण त्या क्षणाला माझ्या मनात लाज, राग, भीती यातलं काहीसुद्धा उरलं नव्हतं. मी फक्त माझं भांडं तयार करत होते, जसं एखादी सुईण हात धुते. गाठ सुटली. दोरी मडक्याच्या गळ्यातून ओढून काढली आणि टेबलाच्या कडेवरून खाली टाकून दिली. आता ते नुसतं मातीचं भांडं राहिलं, वारली बायका गोल धरून नाचणारं. मग मी पुढे वाकले आणि थुंकले. हेही शिकावं लागतं. नवखी माणसं थुंकतात तेव्हा शिंतोडे उडतात, हनुवटीवरून ओघळ येतो. आम्ही थुंकतो ती बारीक, सरळ धार असते, ठरवलेल्या जागी पडणारी. नाशिकला मी ती स्नानघरात पाण्यानं चूळ भरभरून घोटवली होती. महाडच्या हायवेवर त्या दिवशी माझी जी धार पडली तशी मला आधी कधी जमली नव्हती. एक शिंतोडा बाहेर नाही. तोंड पुसायलाही काही लागलं नाही.

"ही गेली," मी सार्थकला म्हणाले. "शिजलीय. ग्रिलच्या वर काचेत उभी करून ठेवलीस, ती सगळी रांग गेली. लिस्टमधून काढ आणि कपाटात प्लॅस्टिकची फुलं ठेव." सार्थकनं मान हलवली. त्याला मडक्याचं अजून कळलं नव्हतं, पण फुलांचं कळलं.

आप्पा उभेच होते. "थुकलीस," ते म्हणाले.

"हो."

"वाईट निघाली म्हनून?"

"चांगली निघाली तरी थुंकायची, आप्पा. कामच तसं आहे."

"दर टायमाला?"

"दर वेळेला. पहिल्या दिवसापासून."

त्यांच्या डोळ्यांपुढे आमच्या घराचं दार आलंय हे मला दिसत होतं. "मग त्या दिशी," ते म्हणाले, "तू पुन्यासनं आलीस, दारात..."

"वास होता. पोटात काही नव्हतं."

"म्हंजे माझं नाक चुकलं काय गो, दर्शना?"

"नाक नाही चुकलं. नाकानं बरोबर सांगितलं. पुढचं तुमचं तुम्ही ठरवलंत." मला वाटलं होतं त्यापेक्षा हे जास्त लागट निघालं, पण मी ते परत घेतलं नाही. आप्पा खाली बसले. महिपतकाकांना आम्हा बापलेकीच्या मधे आपण कुठे उभं राहावं ते कळेना. त्यांनी मडकं उचललं, दोन्ही हातांनी, सांडू नये म्हणून छातीशी धरून, आणि त्यांच्या मुलाच्या त्या चकाचक हॉलमधून चालत जाऊन बेसिनमध्ये ओतलं, नळ सोडला, मडकं आतून हात घालून विसळलं आणि आणून पुन्हा माझ्यासमोर ठेवलं. आप्पा हे सगळं बघत होते आणि मीही बघत होते. कुठं ओतायचं हे महिपतकाकांनी कोणाला विचारलं नाही.

दुसरी बाटली सार्थकनं कोठीतून आणली. पांढरी, शेनिन जातीच्या द्राक्षांची, कोणीतरी तांदळाच्या पोत्यांमागे आडवी टाकून विसरलेली, आणि म्हणूनच वाचलेली. बूच निघालं आणि मला खुर्चीतूनच कळलं. पेला नाकाशी नेला. पेरू, अजून कडक असलेला, आणि मागे कैरी चिरल्यावर सुरीला येतो तो वास, आणि त्याच्याही मागे, फार हलका, मध. माझ्या अंगावर काटा आला. ह्या अशा जागी, असल्या कोठीत, ही! घोट घेतला आणि ती तोंडभर पसरली, थंड, आंबट, जिवंत. जिभेच्या दोन्ही बाजूंना पाणी सुटलं आणि मला एकदम हसू यायला लागलं. अशी बाटली निघाली की नाशिकला सगळे एकमेकांकडे चोरून बघतात आणि गिळतात. मी डोळे उघडले तर आप्पा माझ्या गळ्याकडे टक लावून बघत होते, कंठ हलतो का ते. तीच जुनी नजर, खिडकीतली. पण मला तिचा राग आला नाही. बघा, मी मनात म्हटलं, नीट बघून घ्या. मी तिला मनसोक्त घोळवली, तिच्याकडून घ्यायचं ते सगळं घेतलं आणि मडक्यात सोडून दिली.

"ही कशी होती?" आप्पांनी विचारलं.

"फार सुंदर. ह्या वर्षात मी चाखलेल्या चांगल्यांतली."

"तरी सोडलीस."

"सोडली."

आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "आमी कवा व्हटाला लावलीच नाय," ते म्हणाले, "मग आमी नाय पीत ह्यात आमचं कवतिक ते काय? ठावंच नाय ते सोडलं. तुज्या तोंडात येते, ग्वाड लागते, नि तू सोडतेस." मग खाली बघत म्हणाले, "इतकी वर्सं विहारात मी चारच शीलं देतो गो. पाचव्याला आवाज फुटत नाय. माज्या बाजूला बसतो तो काशीराम म्हनतो पाचवं. मानसं म्हनतात मला आता धाप लागते. घरातली लेक पिते, मी दुसऱ्याला कुठच्या तोंडानं सांगू?"

मला हे ठाऊक नव्हतं. आई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला ते पाचव्याशी गप्प झाले होते तेव्हा मला वाटलं होतं, रडू आलं असेल. मला संताप आला, त्यांच्या त्या सरळपणाचा आणि त्या मुकेपणाचा, आणि त्याच वेळी उठून त्यांच्या कुशीत शिरावंसं वाटलं. इतकी वर्षं हा माणूस माझ्या वाटणीची शिक्षा स्वतः भोगत होता, आणि तीसुद्धा न घडलेल्या गुन्ह्याची. "विचारायचं होतंत, आप्पा," मी म्हणाले. "तू सांगाचं होतंस," ते म्हणाले. मग मी, इतकी वर्षं घोकलेलं होतं ते बोलून टाकलं. "आणि मी थुंकते म्हणून मला पास करू नका. गिळली असती तरी माझं काम हेच होतं, आणि मी ते असंच चोख केलं असतं."

आप्पांनी टपरीवरचा चहा संपवला, कप बशीत उपडा घातला. "धंदा मला पटत नाय," ते म्हणाले. "आदी नाय पटला नि ह्याच्यापुढं बी पटाचा नाय. महिपत, तुज्या पोराचा ह्यो बार बी पटत नाय, तोंडावर सांगतो." महिपतकाका म्हणाले, "माला तरी कुठं पटतो साहेब!" आप्पा माझ्याकडे वळले. "पन तुजं काम पटलं," ते म्हणाले.

मला वाटतं, मी त्या दिवशी जशी चाखली तशी आजवर चाखली नव्हती. एकामागून एक बाटली येत होती आणि माझं नाक असं उघडलं होतं की लपवण्यासारखं काही कोणत्याच बाटलीकडे उरलं नाही. डीप फ्रीजरमध्ये सुरमईला टेकून ठेवलेली एक होती, तिला बाहेर काढून ठेवायला सांगितलं, थंडीनं तिचं तोंड मिटलं होतं, हळूहळू ती बोलायला लागली. पोर्ट वाईन ठेव म्हटलं, गोड आहे, तिला नाकं मुरडायचं काही कारण नाही, जे आवडीनं घेतात त्यांना मिळू दे. लिस्टवरचं खोगीर काढलं, ओलं जंगल काढलं. सार्थक पेन घेऊन बसला आणि मी सांगत गेले, हिच्यापुढे लिही, वाळत घातलेल्या आमसुलाचा वास, हिच्यापुढे लिही, करवंद, पण अजून लाल असलेलं. "आमसूल चालंल मॅडम? मुंबईचे लोक काय म्हनतील?" "वास घेतील आणि हो म्हणतील." छापलेल्या लांबलचक यादीतून शेवटी मूठभर नावं उरली. ती मूठभर मात्र अशी होती की कोणत्याही शहरात त्यांच्याखाली माझं नाव घालायला मी तयार झाले असते. मडकं दोनदा भरलं आणि महिपतकाकांनी दोनदा ओतून आणलं. मला त्या सगळ्या हॉलचा, दिव्यांचा, उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांचासुद्धा लोभ वाटायला लागला होता. मी सुखात होते, आणि माझं सुख माझे वडील समोर बसून बघत होते.

ऊन कलायला लागलं तशी संध्याकाळची माणसं कामावर यायला लागली. खुर्च्या खाली उतरल्या, ग्रिलवर कोळसे पडले, पहिलं गिऱ्हाईक म्हणून कुठल्या तरी गाडीतून चार-पाच जण शिट्टी वाजवत आत शिरले आणि क्रिकेट लावा म्हणाले. जानू नावाच्या वेटरनं भिंतीवरचा मोठा टीव्ही लावला. सगळा हॉल आरडाओरड्यानं भरला. मी पेला नाकाशी धरला होता, तो तसाच खाली घेतला. अशा वेळी मी काही बोलत नाही, आवाज कमी व्हायची वाट बघते. बाईमाणसानं बारमध्ये बसून शांतता मागायची म्हणजे काय होतं ते मला माहीत आहे. पण आप्पा उठले. पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा बारमध्ये आलेला, हॉलच्या मधोमध जाऊन उभा राहिला. एस.टी. स्टँडवर शिट्टीशिवाय गाड्या थांबवणारा त्यांचा तो आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला.

"बंद कर तो टीव्ही," आप्पा म्हणाले. "माजी लेक काम करते हाय."

जानूनं दचकून सार्थककडे बघितलं आणि सार्थकनं हातानंच खूण केली. टीव्ही बंद झाला. ते शिट्टीवाले पाहुणे आधी एकमेकांकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले, आणि त्यांच्यातल्या एकानं उगाचच आवाज खाली आणून विचारलं, की काय काम? आप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वाईन चाखते," ते म्हणाले. "गप बसा जरा."

मी पेला पुन्हा उचलला.